दऱ्या आणि दर्या तपासलंत का?

डोंबिवलीहून एका मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलंय. थोडक्यात देते. वय २८, ऐरोलीत नोकरी, ऑफिसात दिवसभर रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम. सुट्टीच्या दिवशी ती एका ओपन सोर्स प्रकल्पात हातभार लावते. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड, सी या जुन्या भाषेत आहे, वीसेक वर्षं जुनी, १९ हजार ओळींची. गिरगावात राहणारे, साठी ओलांडलेले एक सर ती एकटे सांभाळतात. डीटीपीवाले आणि दिवाळी अंकवाले ती वापरतात. शिवाय दोन वेबसाइटवर ती चालते आणि तिथे कुणीही आपली फाइल चढवून मजकूर बदलून घेऊ शकतं.

मैत्रिणीने अकरा शनिवार-रविवार घालवून, एआयची मदत घेऊन, ही सगळी लायब्ररी रस्टमध्ये लिहून काढली. 'जुन्या कोडमध्ये एका जागी सलग ३१ इफ (अमुक असेल तर तमुक कर, अशा अटी) आहेत आणि कॉमेंट एकही नाही. मी ते सगळं स्वच्छ केलं. ४६ च्या ४६ टेस्ट पास झाल्या.' नव्या रेपोला, म्हणजे कोडच्या ऑनलाइन साठ्याला, एमआयटी हे मोकळं लायसन्स लावून तिने सरांना लिंक पाठवली. नऊ दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: 'प्रयत्न चांगला आहे. दऱ्या आणि दर्या तपासलंत का?'

ती पुढे लिहिते: 'ही सरळ टाळाटाळ आहे. सी असुरक्षित आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे, तरी ही पिढी खुर्ची सोडत नाही. मित्र म्हणतात फोर्क कर, म्हणजे वेगळी प्रत काढून स्वतः चालव, नवीन नाव दे, लोक आपोआप येतील. पण सरांना डावलल्यासारखं होईल, तेही नको वाटतं. काय करू?'

---

माझ्या मुलीपेक्षा तू चार वर्षांनी लहान, म्हणून अगंतुगं करते. चालेल ना?

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना सरांच्या त्या एका ओळीपाशी थांबले आणि पुढे शोधत राहिले, की मग तू ते तपासलंस का? सरांचा स्वभाव, त्यांची पिढी, मित्रांचं म्हणणं, रस्टचे फायदे, सगळं पत्रात आहे. हे मात्र कुठेच नाही.

मला ती ओळ टाळाटाळ वाटत नाही. तुझ्या कामाला आतापर्यंत मिळालेला एकमेव खरा रिव्ह्यू आहे तो.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. फरक एवढाच, की एकात 'य'च्या डोक्यावर रफार आहे आणि दुसऱ्यात 'य'ला चिकटलेला आडवा अर्धा र. हिंदीला त्या अर्ध्या र ची गरज नाही, आपल्याला पदोपदी लागते. युनिकोडमध्येही तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो, म्हणजे डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द सर्चमध्ये एकमेकांना ओळखत नाहीत. आणि जुन्या फॉन्टांचा कारभार तर विचारूच नकोस. कुठे त्याला स्वतंत्र की असायची, कुठे नसायचीच. नसली की टायपिस्ट नाइलाजाने रफार मारून पुढे जायचा.

मी स्वतः यात तोंडावर आपटले आहे. २००५च्या सुमाराला एका दिवाळी अंकासाठी असंच रूपांतर करून दिलं होतं. त्यात गावजेवणावर लेख होता. माझ्या सुटसुटीत, नीटनेटक्या कोडमधून बाहेर पडताना सगळ्या आचाऱ्यांचे आचार्य झाले. 'भल्या पहाटे आचार्यांनी जिलब्या तळायला घेतल्या' हे वाक्य तसंच छापून आलं. प्रोग्राम कुठे अडकला नाही, कुठे एररही आली नाही. संपादकांचा फोन आला तेव्हा कळलं.

म्हणून त्या ३१ इफकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते. प्रत्येक इफमागे असा एखादा फोन असणार. कुठला तरी फॉन्ट, कुठला तरी छापखाना, 'अहो, तुमच्या प्रोग्रामने आमच्या मुखपृष्ठावरची पहिली वेलांटी खाल्ली'. सरांनी कॉमेंट लिहिल्या नाहीत ही चूकच आहे, आणि ती मी अजिबात झाकत नाही. पण तू 'स्वच्छ' केलंस तेव्हा नेमकं काय काढून टाकलंस, हे आज तुला तरी सांगता येईल का?

४६ टेस्टचं म्हणशील, तर वीस वर्षांच्या कामाला ४६ टेस्ट म्हणजे काहीच नाही. एसक्यूलाइट हा डेटाबेस सीमध्येच आहे आणि त्याच्या मूळ कोडच्या तुलनेत टेस्टचा कोड ५९० पट आहे. तसला प्रकल्प असता तर 'टेस्ट पास झाल्या' या वाक्याला वजन आलं असतं. तुमच्याकडे बाकीच्या टेस्ट सरांच्या डोक्यात आणि जुन्या ईमेलमध्ये पडून आहेत.

दोन गोष्टी आजच शोध. पहिली, तुझ्या रस्ट कोडमध्ये 'लॉसी' हा शब्द कुठे येतो का बघ. रस्टची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, यूटीएफ-८ या युनिकोडच्या साच्यात असावीच लागते आणि जुन्या फॉन्टांचे बाइट यूटीएफ-८ नसतात. एआयने लिहिलेल्या कोडमध्ये अशा वेळी हमखास ते 'लॉसी' फंक्शन सापडतं. न कळलेल्या बाइटच्या जागी ते गुपचूप प्रश्नचिन्हाचा चौकोन ठेवून पुढे जातं. दुसरी, सरांच्या कोडमध्ये कॅरॅक्टर शून्यापेक्षा लहान आहे का, अशी तपासणी कुठे आहे ते बघ. इंटेलच्या मशीनवर सीमधला कॅर (एक अक्षर ठेवायचा प्रकार) सहसा ऋणही होऊ शकतो आणि या फॉन्टांची निम्मी अक्षरं १२७च्या वर बसलेली असतात, म्हणून जुने लोक ती अशी ओळखायचे. रस्टमध्ये बाइट कधीच ऋण नसतो, तेव्हा ती अट शब्दशः आणलीस तर ती कधी खरी होणार नाही. पण एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवरच्या लिनक्सवर सीमधला कॅरसुद्धा ऋण नसतो! म्हणजे उद्या त्या वेबसाइटवाल्यांनी स्वस्त पडतो म्हणून एआरएम सर्व्हर घेतला, तर सरांचा स्वतःचा कोडच तिथे कोलमडेल. हे जर सापडलं तर तुझ्या बाजूचा सर्वांत चांगला मुद्दा हाच, आणि तो मांडायला रस्टचं नावही घ्यावं लागत नाही.

असल्या गोष्टी मोठमोठ्यांच्याही हातून निसटतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये उबुंटू या लिनक्सची २५.१० आवृत्ती आली. त्यात एलएस, सीपी, डेट असल्या रोजच्या कमांडच्या जागी रस्टमध्ये नव्याने लिहिलेला संच बसवला होता. डेट कमांडला 'आर' हा पर्याय देऊन फाइलचं नाव दिलं, की ती फाइल शेवटची कधी बदलली ते कळायला हवं. नवी कमांड एरर न देता सरळ आत्ताची वेळ सांगायची. अपडेट तपासणारी एक स्क्रिप्ट यावर विसंबून होती, आणि आपोआप होणारी अपडेटची तपासणीच बंद पडली. दुरुस्ती लगेच आली म्हणा. मेमरीचा प्रश्न इथे कुठेच नव्हता. जुन्या कमांडला ठाऊक असलेली एक बारीक गोष्ट नवीला ठाऊक नव्हती, इतकंच.

आता तुझी बाजू घेते, कारण ती पोकळ नाही. सीमधल्या मेमरीच्या चुका, म्हणजे प्रोग्रामने मेमरीत आपल्या नसलेल्या जागी वाचणं-लिहिणं, हा बागुलबुवा नव्हे. आपल्या प्रॉडक्टमधल्या दर वर्षीच्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीशी संबंधित असतात, असं मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं. क्रोमवाल्यांनी गंभीर त्रुटींबद्दल जवळपास तेवढाच आकडा दिला. पण अँड्रॉइडची गोष्ट पूर्ण ऐक. तिथे मेमरीच्या त्रुटींचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. कसा? जुना सी आणि सी++ कोड सरसकट पुन्हा लिहून नव्हे. नवीन कोड रस्टसारख्या भाषांमध्ये लिहायला लागले आणि जुना जागेवर राहू दिला. जुन्या कोडमधल्या चुका वापरात सापडत जातात, कमी होत जातात. जास्तीत जास्त धोका ताज्या कोडमध्ये असतो, हे त्यांच्याच आकड्यांत दिसलं. २०१४चं हार्टब्लीड हे भगदाड आठवून बघ. वेबसाइटशी होणारं बोलणं गुप्त ठेवणारं ओपनएसएसएल जुनंच होतं, पण चूक शिरली २०१२ मध्ये घातलेल्या नव्या सोयीतून.

अर्थात 'जुनं ते सुरक्षित' हेही तितकंच खोटं. ज्या कोडवर कुणी कधी वाकड्यातिकड्या फाइलींचा मारा करून बघितला नाही, तो वीस वर्षांचा असला तरी नवाच. असल्या माऱ्याला फझिंग म्हणतात. तुमच्या लायब्ररीवर कधी फझिंग झालंय? मला शंका आहे. एक रविवार त्याला दे. सरांचा सी कोड सॅनिटायझर (मेमरीची चूक झाली की ओरडणारा पहारेकरी) लावून कंपाइल कर, फझर लाव आणि रात्रभर चालू ठेव. जे सापडेल ते सरांना कळव, गाजावाजा न करता, आधी फक्त त्यांना. दुरुस्तीचा पॅच सीमध्येच दे. मेंटेनरचा, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचा, विश्वास मिळवायला याच्याइतकी खात्रीची वाट मी अजून पाहिलेली नाही.

आणि यातून दुसरं एक कळेल, की धोका नेमका कुठे आहे. माझा अंदाज असा, की फाइल उघडणं, आरटीएफ फाइलीतले कंस सोडवणं, लांबी मोजणं, बफरमध्ये भरणं या दोन-तीन हजार ओळींत तो असणार, कारण परक्यांच्या फाइली तिथूनच आत येतात. बाकीचा मोठा भाग म्हणजे फॉन्टांचे तक्ते आणि ते ३१ इफ. तिथे हॅकर काय करणार? तिथे धोका आचार्यांचा. म्हणजे दोन भागांचे आजार वेगळे आहेत, आणि तू दोन्हींना एकच औषध दिलंस.

म्हणून माझं मत असं, की फाइल वाचणारा भाग रस्टमध्ये कर. सीला दिसणारी त्याची फंक्शन्स आहेत तशीच ठेव, तीच नावं, तेच आर्ग्युमेंट, चुकल्यावर परत येणारे आकडेही तेच. तक्ते आणि इफ सध्या सीमध्येच राहू देत.

आपल्या लोकलचंच बघ. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे गाड्या वाढवायच्या तर तेवढी वीज पुरेना, म्हणून सगळं २५ हजार व्होल्ट एसीवर न्यायचं ठरलं. आता मुंबईत लोकल वर्षभर बंद ठेवून तारा बदलणं कुणाच्या बापाला शक्य होतं का? रात्रीचे ब्लॉक घेत, तुकड्यातुकड्याने काम झालं, आणि मधल्या काळात डीसी-एसी दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ मध्ये संपलं, मध्यच्या मेन लाइनचं २०१५ मध्ये, हार्बरचं एप्रिल २०१६ मध्ये. सकाळची ७:४२ पकडणाऱ्याला आपण कुठल्या स्टेशनापाशी डीसीतून एसीत शिरलो ते कळायचंही नाही. (दिवे क्षणभर जायचे, पण मुंबईकर त्याची दखल घेत नाही.)

लिनक्सच्या जीनोम डेस्कटॉपमधली, एसव्हीजी चित्रं काढणारी लिबआरएसव्हीजी ही लायब्ररी अशीच सीमधून रस्टमध्ये गेली. २०१६ मध्ये सुरुवात झाली, एकेक फंक्शन करत, आणि बाहेरच्या प्रोग्रामना दिसणारा सीचा चेहरा तसाच ठेवून. फिश हा कमांड चालवणारा शेलही सी++ मधून रस्टमध्ये असाच, दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदवत गेला. २०२३च्या सुरुवातीला हात घातला, आवृत्ती ४.० फेब्रुवारी २०२५ मध्ये आली. आणि तिथे प्रकल्प चालवणारेच हे करत होते, बाहेरून आलेलं कुणी नव्हतं. तू अकरा शनिवार-रविवार म्हणतेस.

जोडणीकडे दुर्लक्ष केलं की काय होतं ते अंधेरीत सगळ्यांनी पाहिलंच आहे. गोखले पूल पाडून नवा बांधला, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू उघडली, आणि शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची उंचीच जुळेना. शेवटी बर्फीवाला जॅक लावून उचलला आणि जुलैत दोन्ही जोडले. नवा पूल स्वतःपुरता मजबूतच होता की!

तुझ्याकडचा बर्फीवाला कोण, सांगू? डीटीपीवाले. त्यांच्या दुकानात डोकावून बघ. जुने फॉन्ट, त्यांची डाँगल आणि जुनं पेज लावायचं सॉफ्टवेअर चालावं म्हणून कित्येकांनी विंडोज ७चं एक मशीन कोपऱ्यात जपून ठेवलेलं असतं. रस्टच्या १.७८ आवृत्तीपासून, म्हणजे मे २०२४ पासून, नेहमीच्या बिल्डला किमान विंडोज १० लागतं. विंडोज ७ साठी वेगळं टार्गेट आहे, पण ते तिसऱ्या श्रेणीतलं, म्हणजे चाललं तर तुमचं नशीब. तुझी लायब्ररी ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याच मशीनवर ती उघडली नाही, तर तिच्या सुरक्षिततेचं ते काय लोणचं घालणार?

लायसन्सचं मात्र आधी निस्तर, बाकी सगळं नंतर. सरांच्या रेपोतलं लायसन्स कुठलं ते तू लिहिलं नाहीस. जीपीएल (बदललेला कोडही त्याच अटींवर द्यायला लावणारं लायसन्स) असेल, तर तो कोड समोर ठेवून केलेलं भाषांतर भाषा बदलली म्हणून वेगळं होत नाही. त्याला एमआयटी लावायचा अधिकार तुला नाही, ज्यांनी ज्यांनी त्यात कोड दिला त्या सगळ्यांची परवानगी लागेल. मधे एआय होतं म्हणून यात फरक पडतो असं समजू नकोस. उबुंटूमधल्या त्या रस्टच्या कमांड लिहिणारे लोक आपल्या सहभागींना जुन्या कमांडचा, म्हणजे ग्नूचा, मूळ कोड बघूच नका असं बजावतात, ते याच कारणासाठी. रेपो आजच्या आज प्रायव्हेट कर, लायसन्स मूळचं लाव, सरांचं नाव घाल.

मित्रांच्या 'लोक आपोआप येतील' या वाक्यावर मला हसू आलं. लोक येत नाहीत गं. नेटवरून माहिती आणणाऱ्या कर्लसारख्या प्रकल्पात, जो जवळपास प्रत्येक यंत्रात आहे, एचटीटीपीसाठी हायपर ही रस्टमधली लायब्ररी जोडायचा प्रयत्न २०२० पासून झाला, त्यामागे निधीही होता. डिसेंबर २०२४ मध्ये तो काढून टाकायचं ठरलं. मागणी फारशी नव्हती, आणि सी आणि रस्ट दोन्ही नीट जाणणारी, ते काम शेवटपर्यंत ओढणारी माणसं मिळाली नाहीत. तुला दोन्ही भाषा येतात. पण पुढची पाच वर्षं संपादकांचे फोन घेशील का? हो किंवा नाही, दोन्ही उत्तरं चालतील, फक्त आधी ठरव. रस्टमधलं एक चांगलं काम दाखवायला हवं होतं, नोकरी बदलायची आहे, असं असेल तर त्यातही काही गैर नाही. मग तो सराव म्हणूनच ठेव. 'सरांच्या लायब्ररीला पर्याय' अशी पाटी मात्र लावू नकोस.

आणि ते खुर्चीचं वाक्य मला टोचलं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या प्रोग्राममध्ये चोरदरवाजा सापडला, तो आठव. एकट्या, थकलेल्या मेंटेनरवर 'दुसऱ्याच्या हाती दे' असा दबाव आणला गेला होता, आणि मदतीला आलेल्या सालस माणसानेच नंतर तो बसवला. त्यानंतर अनोळखी नावाने आलेल्या १९ हजार ओळी कुणी डोळे झाकून घेत नसेल, तर तो हट्टी नव्हे. तू सरांना कधी भेटली आहेस का?

भेट. डोंबिवलीहून फास्ट पकड, दादरला बदल, चर्नी रोडला उतर. लॅपटॉप ने, पण उघडायची घाई करू नकोस. एकच मागणं माग: जुने नमुने. प्रत्येक फॉन्टमधल्या फाइली, तक्रारींच्या ईमेल, सीडी असतील तर सीडी. इफ क्रमांक एकपासून विचारायला लाग, हा कुणासाठी घातला? आणि लिहून घे. साठीच्या माणसाच्या डोक्यात असलेली ही माहिती दुसरीकडे कुठेही नाही, ती टेस्टच्या रूपात उतरली तर प्रकल्प कुठल्याही भाषेत जाऊ शकतो. मग जुना आणि नवा, दोन्ही प्रोग्राम त्याच फाइलींवर चालव आणि डिफ, म्हणजे दोन्हींतला फरक, काढ. डिफमध्ये जे जे दिसेल ते आधी तुझी चूक धरून तपास. कधीकधी सरांचीही निघेल.

एवढं सगळं करूनही सर वर्षभर उत्तर देत नसतील, तुझ्या फझिंगमध्ये सापडलेली भोकं तशीच राहात असतील, तर फोर्क कर. तेव्हा त्यात डावलणं नसेल. ओपन सोर्सचं लायसन्स त्याचसाठी असतं. वेगळं नाव, मूळचंच लायसन्स, आणि रीडमीत पहिल्या परिच्छेदात सरांचा उल्लेख.

जाण्यापूर्वी आज रात्री एवढे शब्द एका जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून दोन्ही प्रोग्राममधून काढ: दऱ्या, दर्या, आचाऱ्यांना, आचार्यांना, कुऱ्हाड, तऱ्हा, वाऱ्यावर, आर्थिक, दुर्मिळ, कीर्ती, स्थिती. नऊ दिवस सरांनी वाट पाहायला लावली, तूही त्यांना तेवढेच थांबवून ठेवलं असशील. उत्तर पाठवशील तेव्हा पहिल्या ओळीत दऱ्या आणि दर्याचं काय झालं ते लिही, रेपोची लिंक नको.